वाटमागणी

कॉर्बरी बघायला येणारा माणूस पहिलं वाक्य नेहमी तेच बोलतो, किती सुंदर आहे हो तुमचं गाव. त्या गुरुवारी वॉरन टिल्बी नावाचा कॅनडाचा माणूसही तेच बोलला आणि माझं डोकं फिरलं. खरं म्हणजे ते आदल्या संध्याकाळपासूनच फिरलेलं होतं. ईस्टरच्या आधीचा गुरुवार, म्हणजे आमच्याकडे वाटमागणीचा दिवस, आणि त्यावरूनच माझं माझ्या थोरल्या बहिणीशी, एनिडशी, असं कडाक्याचं भांडण झालं होतं की मी तिचं दार आपटून निघून आले होते.

पण पाहुण्यांना गाव दाखवायचं काम मी अंगावर घेतलेलं आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यापासून दर गुरुवारी, बाजार भरतो तेव्हा, चौकातल्या दगडी मांडवाखाली मी उभी राहते आणि येईल त्याला फिरवून आणते. पूर्वी त्या मांडवात बायका लोणी विकायला बसायच्या. आता तिथे बसून लोक फोन बघतात. त्या दिवशी आला तो एकटा टिल्बीच. उंच, जरासा वाकलेला, पाठीवर लहानशी पिशवी. सगळा जन्म लोकांचे दात उपटण्यात गेला, आता बायको वारली, म्हणून इंग्लंडातली बाजाराची गावं पायी हिंडतोय, असं म्हणाला. माणूस वाईट नव्हता. फक्त दर दोन वाक्यांनी माफ करा म्हणायचा. एका बाईने त्याच्या पायावरून रोपांची हातगाडी नेली, तर तिचीही यानेच माफी मागितली.

मी त्याला म्हटलं, सुंदर काय आहे ते मागाहून सांगा, आधी नीट बघा. आणि दाखवलं. कोपऱ्यावर आमचा खाटीक होता, तिथे आता वासाच्या मेणबत्त्या मिळतात. त्याच्या शेजारी लोखंडी सामानाचं दुकान होतं, हवा तर एकच खिळा सुटा द्यायचे. आता तिथे जुने गंजके खिळे काचेच्या चौकटीत बसवून विकायला ठेवलेत, आणि लोक घेतातही. बँक गेली. पोस्ट गेलं. चर्चच्या मागची गल्ली तर मी मुद्दाम दाखवते. एकेका दाराशेजारी आकड्यांची एकेक डबी, आत किल्ली, शनिवार-रविवार राहायला येणाऱ्यांसाठी. सोमवारी त्या गल्लीत चिटपाखरू नसतं. टिल्बी मान वर करून म्हणाला, भिंती मात्र काय जुन्या आहेत हो. म्हटलं, भिंतींना काय धाड भरलीय, त्या राहतातच. राहायला माणसं कुठे आहेत?

बाजार तेवढा अजून खरा आहे. मासेवाला पहाटे किनाऱ्यावरून निघून येतो. मोजे, सुया, कोबी, अंडी, सगळं मिळतं. टिल्बीने नॉर्मन ट्विगच्या गाड्यावरून चीजचा तुकडा घेतला आणि तिथल्या एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं की एवढ्या गर्दीत हा कोपरा कोणी कसा धरला नाही. नॉर्मनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ती माझ्या बहिणीची जागा.

एनिडचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. नदीकाठी म्हाताऱ्या माणसांसाठी जुनी धर्मादाय घरं आहेत, त्यातल्या एका खोलीत राहते. दर गुरुवारी मी तिला बाजारात आणते आणि नॉर्मनच्या गाड्याशेजारी उभी करते. तिथे ती दिवसभर. येणारा-जाणारा थांबतो. कोणाची मुलगी परत आली, कोणाचा कुत्रा मेला, कोणी कोणाशी बोलत नाही, सगळं तिच्यापाशी जमा. नॉर्मन तिला चीजच्या कडा देतो आणि ती त्याच्या गिऱ्हाइकांना हसवते. बाकीचे सहा दिवस ती खिडकीशी बसून पुढच्या गुरुवारची वाट बघते. दुसरं काही नाही तिला. नवरा नाही, मूल नाही, आणि मी आहे ती अशी.

हे सगळं चालतं ते एका वाटेच्या जिवावर. नदीकाठच्या घरांपासून थ्री कोम्ब्ज नावाच्या जुन्या पबच्या अंगणातून एक फरसबंद बोळ थेट चौकात निघतो. सपाट. माझा उजवा खांदा कामातून गेलाय, पण तिथून मी एका हाताने खुर्ची ढकलत आणते. तो बोळ नसला तर टेंटर हिलचा रस्ता. म्हणजे गोटे बसवलेला उभा चढ, आणि मग तसाच उभा उतार. तिथून धडधाकट माणसाला धाप लागते.

आणि तो बोळ आता बंद होणार होता. पब घेतला ज्युलियन डेव्हनिश नावाच्या माणसाने. गोड बोलून गळा कापणारी माणसं असतात ना, त्यातला. आला तेव्हा पहिल्या आठवड्यात घरोघर फुलांची कुंडी पाठवली. गाव विरघळलं. मग हळूच सांगितलं की वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या होणार, अंगणात त्यांच्या गाड्या लागणार, तेव्हा ईस्टर झाल्यावर बोळाच्या दोन्ही तोंडांना आकड्यांच्या कुलपाची फाटकं बसतील. आकडे दर आठवड्याला बदलतील. नदीकाठच्या म्हाताऱ्यांनी त्याच्या कचेरीत येऊन विचारायचं, म्हणजे तो आनंदाने देईल. आनंदाने. कचेरी कुठे? तर चौकात. म्हणजे बोळातून जायचे आकडे मागायला आधी टेंटर हिल ओलांडून या. हे मी गावच्या सभेत उठून बोलले तर लोक बुटांकडे बघत बसले, आणि कोणीतरी म्हणालं की बेरिल, पण त्याने कुंडी किती छान दिली.

टिल्बी म्हणाला, पण इतकी वर्षं लोक त्या वाटेने जातायत, मग तिच्यावर लोकांचा हक्क झाला असेल ना? बरोबर विचारलं त्याने. आमच्या इथे कायदाच तसा आहे. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडउघड, जोरजबरी न करता आणि कोणाला न विचारता चालत राहिले, तर ती वाट लोकांची होते. मी त्याला हाताला धरून चौकातल्या पाटीपाशी नेलं. पर्यटकांसाठी लावलेली, सोनेरी अक्षरांची. म्हटलं, वाचा. मोठ्याने वाचा.

त्याने वाचलं. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, थ्री कोम्ब्जचा मालक बोळाचं नदीकडचं फाटक लावून घेतो. सगळं गाव नदीकाठी जमतं. नगराध्यक्ष गळ्यात पदाची साखळी घालून येतात, बँड असतो. धर्मादाय घरांतलं सगळ्यात वयस्कर माणूस गावाच्या वतीने फाटकाशी जाऊन म्हणतं, "घरधनी, तुमची कृपा असेल तर आम्हाला वाट मिळेल का?" मालक म्हणतो, "दिली, वर्षभरासाठी." फाटक उघडतं, प्रत्येकाला एक क्रॉस काढलेला गोड बन मिळतो आणि सगळे बोळातून बाजारात जातात.

टिल्बीला ते फार आवडलं. त्याने ते शब्द दोनदा म्हणून बघितले. मग त्याचा चेहरा बदलला. दात बघणाऱ्या माणसाला कीड लवकर दिसत असावी.

"म्हणजे तुम्ही लोक दरवर्षी विचारताय," तो म्हणाला.

"बँड लावून," मी म्हटलं.

जगाच्या पाठीवर दुसरं असं गाव दाखवा. स्वतःच्या पायाखालची वाट स्वतःची नाही, हे दरवर्षी नवे कपडे घालून, पोराबाळांना खांद्यावर घेऊन, नाचतगाजत कबूल करणारं. आणि वर त्याची सोनेरी पाटी लावणारं. मागचा मालक रॉन पॅस्को होता तोवर त्यात काही नव्हतं. रॉन अर्धा प्यायलेला असायचा, दिली दिली म्हणत बन लोकांच्या अंगावर फेकायचा आणि उरलेलं वर्षभर त्या फाटकाला कडीसुद्धा नसायची. तो खेळ होता. आमच्या वकीलबाई तेच म्हणत होत्या. गावातल्या आम्ही दोघाचौघांनी वाटेवर दावा लावला होता, त्याचा निकाल ईस्टरनंतर लागायचा होता. त्या म्हणाल्या, हा नुसता खेळ होता असं मी मांडू शकते, जुनी माणसं तशी साक्ष देतील. पण यंदा नव्या मालकाने जाहीर केलंय की वाट माझी, आणि त्यानंतरही तुम्ही जाऊन त्याच्यासमोर विचारलंत, तर खेळ म्हणायला तोंड राहणार नाही. दावा संपला.

मी घरोघर फिरले. यंदा वाटमागणी नको म्हणून सांगितलं. सगळ्यांनी चहा पाजला, सगळ्यांनी मान डोलावली, आणि सगळे म्हणाले की पण मुलांचा हिरमोड होईल. नगराध्यक्षा ग्लेनिस मॉर्टन म्हणाली की बँडला सांगून झालंय. बँडला! तेव्हा माझी भिस्त एकाच माणसावर राहिली. विचारणारं माणूस. हिवाळ्यात म्हातारे कॉबोल्ड गेले, आणि नदीकाठच्या घरांतलं सगळ्यात वयस्कर माणूस म्हणून यंदा मान आला एनिडकडे.

आता आमची एनिड म्हणजे काय सांगू. पाण्याचा पेला हातातून सांडला तर ती टेबलाची माफी मागते. दारावर कोणी काही विकायला आलं तर त्याचं मन दुखावू नये म्हणून घेते. तिच्या कपाटात न उघडलेल्या पायपुसण्यांची थप्पी आहे. तिला मी संध्याकाळभर समजावलं. म्हटलं, एनिड, तू फक्त गप्प बस. जा, फाटकाशी बस, आणि तोंड उघडू नकोस. ती म्हणाली, माणसाच्या दाराशी जाऊन त्याचा असा अपमान करायचा? त्याने बन भाजून ठेवलेत. मी म्हटलं, मग पुढच्या गुरुवारी बन खात खिडकीशी बस. ती म्हणाली, तू जन्मभर लोकांशी भांडत आलीस, बेरिल, तुला त्यातून काय मिळालं ते सांग. मी म्हटलं, आणि तुला सगळ्यांशी गोड बोलून काय मिळालं? पायपुसणी. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला स्वतःचाच एवढा राग आला की मी दार आपटून निघाले. तरी ती आतून मागे म्हणतेच आहे, सांभाळून जा, पायरी ओली आहे.

हे सगळं मी टिल्बीला टेंटर हिल चढता चढता सांगितलं. बोळ बंद होता, तेव्हा नदीकाठी जायला हाच रस्ता. तो मध्ये दोनदा थांबला, भिंतीला हात लावून. म्हणाला, यावरून खुर्ची कशी न्यायची? मी म्हटलं, न्यायचीच नाही, तेच तर सांगतेय. तो म्हणाला, माफ करा. मी म्हटलं, तुम्ही कशाला माफी मागताय, तुम्ही काय केलंत? तेव्हा खरंच काही केलेलं नव्हतं त्याने.

नदीकाठी सगळं गाव लोटलं होतं. फाटकाच्या एका बाजूला लांब टेबलावर पांढऱ्या कापडाखाली बन. डेव्हनिश जुन्या काळच्या खानावळवाल्याचा चामडी एप्रन घालून उभा, एप्रन इतका नवा की त्याची घडी मोडली नव्हती. त्याच्या बाजूला काळ्या कोटातली एक मुलगी फोन उभा धरून सगळं टिपत होती. ती त्याची वकील, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी लोक तिच्या फोनकडे बघून हात हलवत होते. मला एकेकाच्या कानाखाली काढावीशी वाटली.

एनिडला ग्लेनिसने आणून पुढे ठेवलं होतं. निळा कोट, टोपी, हातमोजे. मी गर्दीतून वाट काढत तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने वळून बघितलं नाही. टिल्बी माझ्या मागे, माणसांच्या रांगेत कुठेतरी राहिला.

बँड थांबला. ग्लेनिसने घसा साफ करून नेहमीचं भाषण केलं, आपली परंपरा वगैरे. मग म्हणाली, आता गावाच्या वतीने एनिड फर्मर विचारतील. डेव्हनिश पुढे आला, फाटकाच्या गजावर हात ठेवला आणि दात दाखवत वाकला.

एनिड काही बोलली नाही.

आधी कोणाला काही वाटलं नाही. म्हातारं माणूस, वेळ लागतो. डेव्हनिश आणखी वाकला. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने आणि सावकाश म्हणाला, घाई नाही हं, एनिड डार्लिंग, आठवेल तसं म्हणा. ग्लेनिस तिच्या कानाशी कुजबुजली, घरधनी, घरधनीपासून सुरू करायचं. एनिडचे हात मांडीवर होते. तिची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. लहानपणी ती एकदाच अशी बसलेली मी पाहिली आहे, वडिलांनी तिच्याकडून काही कबूल करून घ्यायला दिवसभर जेवण दिलं नव्हतं तेव्हा. माझ्या सगळ्या जन्मात मला माझ्या बहिणीचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

गर्दी चुळबुळायला लागली. कोणीतरी म्हणालं, बिचारी विसरली. दुसरं कोणी म्हणालं, कोणीतरी सांगा तिला. डेव्हनिशने त्या काळ्या कोटवालीकडे बघितलं. तिने फोन खाली केला नाही, पण तिच्या कपाळाला आठी पडली. अजून थोडा वेळ. अजून जरासा वेळ गेला असता तर लोक कंटाळून पांगले असते, आणि ते न विचारताच.

तेवढ्यात माझ्या मागून एक मऊ आवाज आला. टेकडी चढून आलेला, जरा धाप लागलेला, मदतीला धावून आलेला आवाज.

"घरधनी, तुमची कृपा असेल तर आम्हाला वाट मिळेल का?"

टिल्बी. त्याने ते शब्द बरोबर पाठ केले होते. एक अक्षर चुकला नाही.

"दिली!" डेव्हनिश ओरडलाच. "वर्षभरासाठी!" आणि फाटक सताड उघडलं. बँड वाजायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टिल्बीच्या पाठीवर थापा मारल्या, किती भला माणूस, म्हातारीची लाज राखली. काळ्या कोटवालीने फोन त्याच्या तोंडाकडे वळवला होता. आणि तो लाजून हसत होता.

मी त्याच्यापाशी कशी पोहोचले मला आठवत नाही. त्याच्या कोटाची बाही माझ्या मुठीत होती. मी म्हटलं, तासभर तुम्हाला काय सांगत होते मी? काय सांगत होते? तो म्हणाला, त्या विसरल्या होत्या... सगळे त्यांच्याकडे बघत होते... मला बघवेना. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं. आपोआप! तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. मी त्याला नको नको ते बोलले. पोरं ऐकत होती, तरी बोलले. तो पांढराफटक पडला. कोणीतरी त्याच्या हातात बन दिला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"बेरिल," एनिड म्हणाली. मोठ्याने नाही, पण मी गप्प झाले.

तिने खुर्ची स्वतः थोडी वळवली होती. टिल्बीकडे बघून म्हणाली, "मी विसरले नव्हते. मी विचारणार नव्हते."

"हो," तो म्हणाला. "हो, आता कळलं."

लोकांची रांग लागली होती. आमच्या लोकांना कुठेही सोडा, रांग लावतात. एकेक जण टेबलापाशी थांबून, किती छान, आभारी आहोत, म्हणून बन घेत होता आणि फाटकातून आत जात होता. दाव्याच्या कागदावर सही केलेलेसुद्धा. एकदोघांनी आमच्याकडे चोरून बघितलं आणि टोपी पुढे ओढली. डेव्हनिश स्वतः एक बन घेऊन एनिडपाशी आला, रुमालात गुंडाळून. म्हणाला, चला, तुम्हाला मी ढकलत नेतो, तुमचाच मान पहिला. आवाजात नुसता मध.

एनिडने बन घेतला नाही. तिचा हात सवयीने वर आला होता, तो तिने परत मांडीवर ठेवला. एवढं करायला तिला किती जड गेलं ते फक्त मला माहीत.

"मी मागितली नाही," ती त्याला म्हणाली. "ज्यांनी मागितली त्यांना जाऊ दे." मग माझ्याकडे वळून, "बेरिल, मला बाजारात जायचंय. टेंटर हिलवरून."

ग्लेनिस म्हणाली, अगं एनिड, फाटक उघडं आहे, हा कसला हट्ट. मार्जरी क्रॉच, जिच्याशी एनिड पन्नास वर्षं पत्ते खेळली, ती बन चावता चावता म्हणाली की तुम्हा बहिणींचं आपलं काहीतरीच. मी तोंड उघडलं होतं, पण एनिडने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवू नकोस, म्हणाली, नॉर्मन दुपारी लवकर आवरतो.

मी खुर्ची वळवली. नदीकाठचा रस्ता सपाट होता तोवर ठीक. मागे बोळातून बँडचा आवाज लांब लांब जात होता. मग चढ लागला. मी दोन्ही हात लावले. खांद्यातून कळ आली ती दातांपर्यंत गेली. पहिल्या काही गोट्यांवरून खुर्ची चढली आणि तिथेच अडली. मी मागून पोट लावून तिला धरून ठेवली, घसरू नये म्हणून. ना पुढे, ना मागे. मी डेव्हनिशला शिव्या घालत होते, ग्लेनिसला घालत होते, बँडला घालत होते, आणि एनिड, नेहमी मला गप्प करणारी, या वेळी काही म्हणत नव्हती. तिने चाकांच्या कड्या दोन्ही हातांनी धरल्या होत्या. तिचे हातमोजे मळले होते.

पावलं वाजली. टिल्बी धावत आला होता. हात रिकामे. बन कुठे टाकला कोण जाणे. आमच्यापाशी येऊन थांबला, तोही नेमका हातभर अंतर ठेवून. चेहरा रडवेला.

"माफ करा," तो म्हणाला. "मी ढकलू का? म्हणजे तुमची दोघींची परवानगी असेल तर..."

मी वळले ती त्याला फाडून खायलाच. पण एनिड आधी बोलली, मान न वळवता, समोरच्या चढाकडे बघत.

"विचारू नका," ती म्हणाली. "ढकला."